कांप की कमान

पतंगाला काड्या दोन. एक उभी, दुसरी आडवी, वाकवलेली. आपल्याकडे दोन्हींना कामटी म्हणतात आणि पोरं त्याच कामट्यांवर आभाळ गाजवतात, कुणाचं काही अडत नाही. पण लखनौची तऱ्हा वेगळी. इथे माणूस एक वेळ जेवण चुकवेल, शब्द चुकू देणार नाही. उभ्या काडीला ठड्डा म्हणायचं, यावर देवाच्या कृपेने सगळ्यांचं एकमत आहे. सगळी मारामारी वाकड्या काडीवरून. जरगाम हुसेन म्हणायचे, ती कांप. बिशनदयाल रस्तोगी म्हणायचे, ती कमान. आणि एवढ्याशा बांबूच्या काडीवरून या दोघांनी भांडावं तरी किती? मिसरूड फुटल्यापासून जे सुरू झालं ते केस पिकले तरी मिटेना!

जरगाम मियाँ जिल्दसाज. नख्खासच्या मागच्या गल्लीत बसून पुस्तकं बांधायचे. अंगाला कायम खळीचा वास, नखांत सुकलेला सरस, आणि नाकावर राग. बांधायला आलेलं पुस्तक त्यांनी कधी वाचलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वरातीच्या घोड्याला सजवणारा स्वतः बोहल्यावर चढतो का?" पण तोंडातून निघणारा शब्द मात्र तोलून मापून. गिऱ्हाईक 'पुस्तक शिवून द्या' म्हणालं की यांचं डोकं फिरलंच. "शिवायला ही काय चड्डी आहे? पुस्तक बांधतात!" अशाने दोन गिऱ्हाइकं यायची आणि तीन जायची. बायको मुनव्वर बेगम म्हणायची, तुमच्या जिभेला एक जिल्द बांधा आधी.

बिशनबाबू राजा बाजारचे. वीज कार्यालयात कारकून होते. गोल चेहरा, तोंडात पान, आवाज असा की एका छपरावर बोलले तर चौथ्या छपरावरची बाई वाळवणं सोडून बघायची. जरगाम मियाँ हट्टी, तर बिशनबाबू वादाचे शौकीन. हट्ट्याला वाद घालायला माणूस हवा असतो आणि वादाच्या शौकिनाला न हटणारा. परमेश्वराने जोडी बरोबर जमवली होती. दोघांची ओळखच भांडणातून झालेली. तरुणपणी एकाने दुसऱ्याचा पतंग काटला, दुसरा जाब विचारायला छपरं ओलांडत आला, आणि जाब राहिला बाजूला, 'तुझी कांप कच्ची होती' या वाक्यातल्या एका शब्दावर दोघं संध्याकाळपर्यंत भांडले. रात्रीचं जेवण एकाच ताटात झालं म्हणे.

तेव्हापासून रोजची बैठक बब्बनच्या दुकानासमोरच्या बाकावर. बब्बन पतंगवाला. वयाने दोघांहून बराच लहान, दोघांनाही चचा म्हणायचा, आणि दोघांच्याही कचाट्यात सापडायचा.

"बब्बन, कांपांची जुडी दाखव," जरगाम मियाँ मुद्दाम मोठ्याने म्हणायचे.

"कमानींची दाखव रे," लगेच बाकावरून आवाज.

"कमान? धनुष्याच्या कमानीला दोरी लागते, बिशन. दोरी कुठाय?"

"डोळे कुठायत तुझे? काठाने दोरा ओवलेला असतो तो काय तुझ्या लेंग्याची नाडी आहे?"

"अरे, पण जुडीत पडली असते तेव्हा ती वाकलेली तरी असते का? सरळ काडीला कमान म्हणणारा तू एकटाच अक्कलवंत."

"मुलगीसुद्धा लग्नाआधी मुलगीच असते, मियाँ. मांडवात बसली की नवरी. काडी पतंगावर चढली की कमान!"

"आणि पतंग फाटून काडी परत हातात आली की?"

"की विधवा," बब्बन मध्येच तोंड घालायचा, आणि दोघंही त्याच्यावर खेकसायचे, "तू गप बस!"

जरगाम मियाँचा हुकमी एक्का ठरलेला असे. हवेत चढताना ती काडी थरथरते, कापते, म्हणून ती कांप. वाऱ्याचं काळीज तिला कळतं. यावर बिशनबाबूंचंही उत्तर ठरलेलं. "तुझीच कापते. मुळात तासली कच्ची, वर खळ पातळ. माझी कमान बघ, वादळात हसते." आणि मग मांडीवर थाप मारून असे काही हसायचे की बाकाचा चौथा पाय, जो मुळातच आखूड होता, तो खटखट वाजायचा. हे रोज. यात नवं काही नव्हतं आणि कुणाला नवं नकोही होतं.

पुढे मुनव्वर बेगम गेली. मूलबाळ नव्हतं. घर असं रिकामं झालं की जरगाम मियाँ स्वतःच्या खोकल्याला दचकायचे. माणसं यायची, हात हातात घ्यायची, सबुरीने घ्या म्हणायची, निघून जायची. बिशनबाबूंनी एकदाही सबुरीचं नाव काढलं नाही. रोज संध्याकाळी यायचे, चपला काढता काढता म्हणायचे, "काय मियाँ, आज तरी कबूल करतोस का कमान?" पहिले काही दिवस जरगाम मियाँनी मानच वर केली नाही. मग एका संध्याकाळी आतून कुठून तरी राग आला आणि ते ओरडले, "बायको गेली म्हणून काय शब्दही सोडू?" बिशनबाबू म्हणाले, "सोड की. कोण धरून ठेवायला सांगतंय?" झालं, जुंपली. भांडून भांडून घसा सुकला तेव्हा जरगाम मियाँनी त्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागली म्हणून सांगितलं. विद्या भाभींनी, म्हणजे बिशनबाबूंच्या बायकोने, डबा देऊनच ठेवला होता. चाळिसाव्या दिवसापर्यंत हे असंच चाललं. त्या माणसाने मला रडू दिलं नाही, भांडायला लावलं आणि जगवलं, असं जरगाम मियाँ नंतर कितीदा तरी सांगत. बिशनबाबूंच्या तोंडावर मात्र कधी नाही. तोंडावर म्हणायचे, "तू मूर्ख आहेस."

इतकी जुनी दोस्ती मोडायला काय लागलं, ऐका.

दिवाळी तोंडावर आली होती. लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जमघट, त्या दिवशी आभाळ दिसत नाही इतके पतंग. बरेलीहून काही शौकीन माल घ्यायला बब्बनकडे आले होते. शहाणी, सफेद कपड्यांतली मंडळी. यांच्यातही तोच वाद चालू होता म्हणे, त्यांच्यातला एक तर त्या काडीला तिसरंच काही म्हणत होता. बब्बन म्हणाला, "अहो, मग आमच्या दोन चचांना विचारा की, घरचंच कोर्ट आहे." लोक जमले. चहा आला. जरगाम मियाँनी घसा खाकरून आपली बाजू मांडली, अशी की बरेलीवाले माना डोलवायला लागले. मग सगळे बिशनबाबूंकडे वळले.

बिशनबाबूंनी एक पतंग हातात घेतला. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग उभ्या काडीवर, सरळसोट ठड्ड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही कमान."

आणि असा हशा पिकला म्हणता! ठड्ड्याला कमान! म्हणजे म्हाताऱ्याने आयुष्यभराच्या वादाची एका बोटाने खिल्ली उडवली. उभीला म्हणा, आडवीला म्हणा, काय फरक पडतो! बरेलीवाल्यांनी टाळ्या दिल्या. "वा बाबूजी, काय कापलंत!"

जरगाम मियाँच्या अंगाचा तिळपापड झाला. "थट्टा करतोस? परक्या लोकांसमोर?"

बिशनबाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं, आणि मग तेही हसायला लागले.

तेच हसू जरगाम मियाँना लागलं. ते उठले. "इतकी वर्षं मी वेड्यासारखा जीव तोडून बोलत आलो, आणि तुला हा तमाशा होता होय? आजपासून तुझ्या माझ्या दोरीला गाठ नाही." आणि चपला घालून चालू लागले. मागून हाक आली नाही. हाक आली नाही याचाही राग आला.

जमघटला ते राजा बाजारला बिशनबाबूंच्या छपरावर गेले नाहीत. सगळी उमर त्या छपरावर गेलेली, पण यंदा घरात दार लावून बसले आणि बाहेरच्या आरोळ्या ऐकत राहिले. बब्बन समजवायला आला, "चचा, चूक झाली असेल त्यांची." तर म्हणाले, "बिशनची चूक? ठड्डा आणि कमान यात? अरे, तो एक वेळ स्वतःच्या बापाचं नाव चुकेल!" बब्बनही बिचारा परत फिरला, कारण त्यालाही ते पटलं. असं समजण्याची चूक तुम्ही आम्ही केली नसती. आपण म्हटलं असतं, म्हातारा माणूस, गोंधळला. पण या लोकांना तसं वाटणं शक्यच नव्हतं.

थंडीच्या सुरुवातीला एकदा जरगाम मियाँ पुस्तकाच्या पुठ्ठ्याला कापड चिकटवत होते, तर गल्लीच्या तोंडाशी बिशनबाबू उभे दिसले. स्वेटर उलटा घातलेला. इकडे बघत, तिकडे बघत. जरगाम मियाँनी मनात म्हटलं, आलास ना शेवटी? ये, चार पावलं ये, माफी माग. त्यांनी मान खाली घातली आणि कापडावरच्या सुरकुत्या काढत बसले. मुद्दाम हळूहळू. मान वर केली तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं. "घमेंडखोर लेकाचा," असं म्हणून त्यांनी खळीचं भांडं ढवळलं.

थंडी सरत आली तेव्हा विद्या भाभी दुकानात आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. कधी दुकानात न येणारी बाई दारात बघून जरगाम मियाँ धडपडत उभे राहिले.

"भाभी, तुम्ही? निरोप धाडायचा, मी आलो असतो."

"तुम्ही कुठले यायला? तुम्ही रागावलात ना." विद्या भाभी स्टुलावर बसल्या. "भाईजान, मी भांडण मिटवायला आले नाही. मला एवढंच विचारायचंय, ते तुमच्याकडे असताना कधी असं... विसरल्यासारखे वागले होते का?"

"काय विसरल्यासारखे?"

"आधी चष्मा, चाव्या. मी म्हटलं वय झालं. मग भाजी आणायला गेले आणि रिकामे परत आले, म्हणे भाजीवाल्याचं दुकान कुणी हलवलं. आता आरशात बघून मला म्हणतात, हे गृहस्थ कधीचे बसलेत, यांना चहा दे." भाभींनी पदर तोंडाशी धरला, पण रडल्या नाहीत. "मेडिकल कॉलेजात दाखवलं. मोठे डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. थंडीत एकदा घराबाहेर पडले ते येईनातच. संध्याकाळी एक रिक्षावाला घेऊन आला. डालीगंजला सापडले. मी विचारलं कुठे निघाला होतात, तर म्हणाले, मियाँच्या गल्लीपर्यंत पोचलो होतो, तिथून घर कुठल्या बाजूला ते आठवेना. ओळखीचं कुणी दिसतं का बघत उभा होतो."

जरगाम मियाँच्या हातातला ब्रश तसाच, त्यातली खळ पायावर गळत होती.

"स्वेटर उलटा होता," ते म्हणाले.

"तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"पाहिलं, भाभी. मी त्याला पाहिलं." आणि हा नाकावर राग असलेला माणूस, बायकोच्या मय्यतीत न रडलेला माणूस, दुकानाच्या ओट्यावर बसून लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. "आणि त्या दिवशी ठड्ड्यावर बोट ठेवलं ते... या खुदा, त्याला आठवत नव्हतं! लोक हसले म्हणून तो हसला. मी त्याच्यावर उखडलो आणि तो घाबरून हसला!"

त्याच पावली ते भाभींबरोबर राजा बाजारला गेले. वाटभर माफीची वाक्यं जुळवत होते. बिशनबाबू अंगणात उन्हात बसले होते. बरेच वाळले होते, गोल चेहऱ्याची कातडी लोंबत होती. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं आणि चेहरा उजळला.

"कोण, मियाँ? अरे, कुठे उलथला होतास इतके दिवस?"

त्यांना भांडण आठवतच नव्हतं. बरेलीवाले नाहीत, हशा नाही, काही नाही. माफी मागायची तर गुन्हा आठवणारा समोर हवा ना! जरगाम मियाँच्या तोंडातली वाक्यं तोंडातच राहिली. त्यांनी मित्राचे दोन्ही हात धरले, आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून कसंबसं म्हणाले, "बिशन, ती कांपच असते."

बिशनबाबूंनी हात झटकले. डोळ्यांत जुनी चमक आली. "कमान! गाढवा, शंभरदा सांगितलं, कमान!"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या विद्या भाभींनी भिंतीला डोकं टेकलं. महिन्याभरात त्या माणसाच्या तोंडून इतकं ठणठणीत वाक्य निघालं नव्हतं.

त्या दिवसापासून जरगाम मियाँ रोज जायचे. दुकान दुपारीच बंद. गिऱ्हाइकांनी बोंबाबोंब केली तर म्हणायचे, पुस्तकं थांबतात, पुस्तकांना कुठे जायचंय. तिकडे जाऊन बसायचे आणि खडा टाकायचे. बिशनबाबूंच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून जात होती. मुलगा गाझियाबादहून आला तर त्याला विजेचं बिल भरायला आलेला समजले. बायकोला कधी अम्मा म्हणायचे, कधी ती त्यांची कुणीच नसायची. जेवलो की नाही ते कळेना. पण कांप म्हटलं की कमान! ती काडी काही मोडत नव्हती. नवरीचा दाखला यायचा, नाडीचा टोमणा यायचा, 'तुझीच कापते' यायचं, मांडीवर थाप पडायची.

विद्या भाभी म्हणायच्या, "डॉक्टरांच्या गोळीने तासभर बरं वाटतं, भाईजान. तुमच्या भांडणाने झोपेपर्यंत." कधी दारातच अडवून सांगायच्या, "आज जरा जास्त भांडा. सकाळपासून गप्प आहेत."

आणि जरगाम मियाँ भांडायचे, असे की शेजारी डोकावायचे. एकदा नव्या भाडेकरणीने ऐकून कपाळावर हात मारला, "आजाऱ्याशी कुणी असं भांडतं का? माणूस आहे की कसाई!" भाभींनी तिला आत बोलावून चहा पाजला आणि समजावलं.

गुरुवारी जरगाम मियाँ हजरत अब्बासांच्या दर्ग्यात जायचे. बिशन बरा होऊ दे, असं ते मागत नव्हते. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना कळत होतं, ते काही खुळे नव्हते. त्यांचं मागणं एवढंच, की मालिक, त्याला माझं म्हणणं पटू देऊ नकोस. जन्मभर ज्या माणसाने आपला शब्द खरा व्हावा म्हणून जीव टाकला, तो आता दर्ग्याच्या जाळीला नवसाचा दोरा बांधून हरायला मागत होता. तुम्ही हसाल कदाचित. मला हसू आलं नाही.

हळूहळू उत्तरं आखडायला लागली. नवरीचा दाखला अर्धाच यायचा. "मुलगी मांडवात बसली की..." आणि पुढचं सुचायचं नाही. मग जरगाम मियाँ स्वतःच आठवण द्यायचे, "नवरी, असं म्हणणार होतास ना? म्हण, म्हण, आणि चुकीचं आहे ते!" मग नुसतं 'कमान' राहिलं. मग तेही जरा उशिराने येऊ लागलं, आतल्या खोलीतून कुणाला तरी बोलवून आणल्यासारखं. पण यायचं. आलं की जरगाम मियाँ घरी जाऊन पोटभर जेवायचे.

पावसाळ्याच्या शेवटी एक दिवस ते नेहमीसारखे जाऊन बसले. पान पुढे केलं. "काय बिशन, कांपच ना शेवटी?"

बिशनबाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं. घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं, अदबीने, थोडं हसून.

"आपण म्हणता तर बरोबरच असेल," ते म्हणाले. "कांप."

"काय म्हणालास?"

"कांप. बरोबर आहे आपलं."

'आपण' म्हणाले. छपरावर संध्याकाळपर्यंत भांडलेला, एका ताटात जेवलेला माणूस जरगाम हुसेनला 'आपण' म्हणाला.

"नाही!" जरगाम मियाँनी त्यांचे खांदे धरले. "कमान! कमान म्हण! मी चुकतोय, बिशन, मी साफ खोटं बोलतोय. कांप नसते! शिवी दे मला, गाढव म्हण!"

बिशनबाबू घाबरले. हा अनोळखी म्हातारा का ओरडतोय त्यांना कळेना. ते खुर्चीत अंग चोरून बसले आणि त्यांचा ओठ थरथरायला लागला. विद्या भाभी धावत आल्या, मध्ये उभ्या राहिल्या. "पुरे, भाईजान. सोडा त्यांना." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "ते गेलेत आता. आपल्याला जे उरलंय ते सांभाळायचं."

परतताना ते बब्बनच्या दुकानावरून गेले. बब्बनने सवयीने विचारलं, "काय चचा, आज कोण जिंकलं?"

"मी जिंकलो."

बब्बन तोंड भरून मुबारक म्हणणार होता, पण चेहरा बघून त्याने तोंड मिटलं. बाकावर जागा करून दिली. जरगाम मियाँ बसले नाहीत.

नंतर एक गंमत झाली. गंमत कसली म्हणा. दुकानात कुणी कांपांची जुडी मागितली की जरगाम मियाँ बाकावरून गुरकावायचे, "कमान म्हणतात तिला!" लोक थक्क. बब्बन म्हणाला, "चचा, तुम्हीच तर सगळा जन्म..." तर म्हणाले, "कांप म्हणायला सगळं शहर आहे. बिशनच्या बाजूने बोलायला कुणी नको?" आणि अशा तावातावाने बोलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा जन्मापासून कमानवालाच. दाखले सगळे बिशनबाबूंचे. फक्त मांडीवर थाप मारणं त्यांना जमत नव्हतं.

राजा बाजारला जाणं काही सुटलं नाही. आता ते तिथे दबकत जायचे, मोठ्याने बोलायचे नाहीत. परक्याने अरे-तुरे केलं की बिशनबाबू बुजायचे, म्हणून तेही त्यांना बाबूजी म्हणू लागले, आपण म्हणू लागले. जिभेला ते शब्द खुपायचे, पण करायचं काय.

दिवाळी होऊन गेली. हवा हलकी झाली होती. बिशनबाबू अंगणात शाल लपेटून बसले होते आणि वर कुणाचे तरी पतंग लढत होते. ते वर बघत नव्हते. काहीतरी बोलायचं म्हणून जरगाम मियाँनी सुरुवात केली, "बाबूजी, एक गोष्ट सांगू का? आमच्या ओळखीचे दोन म्हातारे होते. एक जिल्दसाज, एक वीज कार्यालयातला बाबू."

"सांगा की," बिशनबाबू म्हणाले.

मग त्यांनी सगळं भांडण करून दाखवलं. आपलं बोलणं आपल्या आवाजात, बिशनबाबूंचं बिशनबाबूंच्या आवाजात, मान तिरकी करून. दोरी कुठाय? लेंग्याची नाडी आहे का? सरळ काडीला कमान? मांडवात बसली की नवरी! बिशनबाबू ऐकता ऐकता पुढे सरकले. चेहऱ्यावर रंग आला. 'तुझीच कापते, माझी वादळात हसते' या वाक्याला तर ते खदखदून हसले आणि त्यांचा हात धाडकन मांडीवर पडला. आत विद्या भाभींच्या हातातलं भांडं थांबलं.

"हा कमानवाला बाबू भारी माणूस दिसतो हो!" बिशनबाबू डोळे पुसत म्हणाले. "तो दुसरा जरा हट्टी वाटतो."

"फार हट्टी. त्याच्या हट्टापायी एक अख्खी थंडी वाया गेली."

"पण दोस्ती होती ना त्यांची?"

"होती, बाबूजी. तसली पुन्हा कुणाची होणार नाही."

"मग त्या बाबूला एकदा घेऊन या की इकडे. मला आवडला माणूस. इथे दिवसभर गप्प बसून कंटाळा येतो. कुठे राहतो तो?"

"इथेच. याच घरात."

बिशनबाबूंनी अंगणभर नजर फिरवली. तुळशीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "कुठे? दिसत नाही मला."

"मलाही दिसत नाही," जरगाम मियाँ म्हणाले. "मी रोज त्यालाच भेटायला येतो."